‘चोवीस तासांत खत’ देणारं यंत्र की जाळीच्या विटांची टाकी? कॉलेजच्या मेससाठी खतव्यवस्थेचं परीक्षण

आवारात ओल्या कचऱ्याचं खत करायचं ठरलं की कॉलेजच्या खरेदी समितीपुढे साधारण तीन प्रस्ताव येतात. पहिला, हीटर असलेलं बंद पिंपाचं स्वयंचलित यंत्र. दुसरा, कचरा बारीक करून भुशात मिसळणारं यंत्र आणि त्यासोबत क्रेटच्या मांडण्या. तिसरा, विटांची किंवा जाळीची साधी टाकी. आमचं मत आधीच सांगतो. रोज ३० ते २०० किलो ओला कचरा निघत असेल, आवारात झाडं असतील आणि कोपऱ्यात एका वर्गखोलीएवढी जागा असेल, तर टाकीच घ्या. यंत्रच घ्यायचं तर पालापाचोळा बारीक करणारं घ्या. हीटरचं यंत्र सगळ्यात शेवटी. यामागची कारणं आकड्यांनी तपासता येतात.

मेसच्या कचऱ्यात वजनाच्या साधारण ७५ टक्के पाणी असतं. म्हणजे १०० किलो कचऱ्यात सुकं द्रव्य फक्त २५ किलो. हीटरचं यंत्र रात्रभर पिंप तापवतं, आतली पाती कचरा घुसळत राहतात, सकाळी तपकिरी कोरडा भुगा बाहेर पडतो. विक्रेता त्याला खत म्हणतो, पण प्रत्यक्षात तो वाळवलेला कचरा असतो. जिवाणूंना अन्न पचवायला आठवडे लागतात. एका रात्रीत त्यांचं काम नुकतं कुठे सुरू होतं, आणि पिंपाचं तापमान ७० अंशांच्या वर गेलं तर त्यातले बहुतेक जिवाणू कामच करू शकत नाहीत. माहितीपत्रकात ‘१०० किलोचे १० किलो’ असा दावा असेल तर सरळ विचारा की हे वजन आहे की आकारमान? आकारमान तेवढं घटू शकतं. वजन मात्र २५ किलोच्या फारसं खाली जायचं तर सुकं द्रव्य कुजून कार्बन डायऑक्साइड होऊन उडायला हवं, आणि ते एका रात्रीत होत नाही.

आता वीज. एक किलो पाणी २५ अंशांवरून तापवून त्याची वाफ करायला जवळपास ०.७ युनिट लागतात. १०० किलो कचऱ्यातलं ७० किलो पाणी उडवायचं म्हणजे ५० युनिट. घुसळणारी मोटर, वाफ ओढणारा पंखा आणि पिंपातून वाया जाणारी उष्णता वेगळी. युनिटचा दर १० रुपये धरला तर दिवसाला ५०० रुपये फक्त पाण्याची वाफ करण्यावर. माहितीपत्रकातला आकडा याच्या निम्माच असेल तर एकतर पुरतं वाळत नाही किंवा आकडा रिकाम्या यंत्राचा आहे. खरेदीआधी यंत्राला स्वतंत्र मीटर लावून पूर्ण भरलेल्या पिंपाचं सात दिवसांचं वाचन मागा.

या भुग्याचा खरा दोष कुंडीत दिसतो. पाणी मिळालं की थांबलेलं कुजणं पुन्हा सुरू होतं. दोन-तीन दिवसांत पांढरी बुरशी, चिलटं, आंबूस वास. कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढतात, रोप पिवळं पडतं, कोवळी मुळं जळतात. माळी म्हणतो खत वाईट, विद्यार्थी म्हणतात ओल्या कचऱ्याचं खत असंच असतं, आणि त्या आवारात विषय कायमचा संपतो. हे नुकसान विजेच्या बिलापेक्षा मोठं आहे.

कोणत्याही यंत्राचा माल तपासायच्या दोन चाचण्या आहेत आणि दोन्हींना प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर माल ओलसर करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि तीन दिवसांनी उघडा. मातीचा वास आला तर तयार. आंबूस किंवा कुजका आला तर कच्चा. दुसरी चाचणी मेथीची. एका कुंडीत नुसती माती, दुसरीत निम्मी माती आणि निम्मा हा माल. दोन्हींत मोजून ५० दाणे पेरा. मेथी तीन-चार दिवसांत उगवते. दुसऱ्या कुंडीत उगवण स्पष्टपणे कमी असेल किंवा रोपांची टोकं जळकी दिसली तर माल कच्चा आहे किंवा त्यात मीठ जास्त आहे. मेसच्या खरकट्यात मीठ असतंच, आणि वाळवताना पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या कंपोस्टसाठी विद्युत वाहकतेची (म्हणजे विरघळलेल्या मिठाच्या मापाची) कमाल मर्यादा ४.० डेसिसीमेन्स प्रति मीटर आणि कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) गुणोत्तर २० पेक्षा कमी अशी अट आहे. विक्रेत्याकडून याच दोन आकड्यांचा अहवाल मागा, आणि नमुना तुमच्या मेसच्या कचऱ्यापासून केलेला हवा, हे लेखी घ्या.

दुसऱ्या प्रकारचं यंत्र, बारीक करून भुसा नि जिवाणूंची पूड मिसळणारं, हे प्रामाणिक आहे. पंधरा-वीस मिनिटं चालतं, वीज कमी खातं, आणि खत क्रेटमध्येच व्हायचं असतं हे ते मान्य करतं. क्रेटमध्ये १० ते १५ दिवस आणि त्यानंतर महिनाभर ढिगात मुरवलं तर माल चांगला निघतो. अडचणी चार. ताटातून आलेला एक स्टीलचा चमचा पातं मोडतो. शहाळ्याच्या आणि मक्याच्या कणसाच्या तंतूंनी दांडा आवळला जातो. आमटी-सांबाराचं पाणी आत गेलं की लगदा होतो, लगद्यात हवा शिरत नाही, क्रेट दुसऱ्याच दिवशी घाण मारतात. आणि भुसा दरमहा विकत घ्यावा लागतो. तो प्लायवुड किंवा एमडीएफच्या कारखान्यातला नसावा, कारण त्यात रेझिन, म्हणजे रासायनिक गोंद, असतं. साध्या लाकडाच्या वखारीतला आणा. जागा अगदी कमी असलेल्या शहरी कॉलेजला हा पर्याय चालेल. जिवाणूंची पूड पहिल्या महिन्यानंतर बंद केली तरी चालते. रोजच्या मिश्रणात आधीच्या क्रेटमधलं दोन घमेली अर्धवट खत टाकलं की तेच विरजणाचं काम करतं.

टाकी: मापं आणि मिश्रण

टाक्यांची शिफारस मुख्यतः पालापाचोळ्यामुळे. कॉलेजच्या आवारात फेब्रुवारी ते एप्रिल पानांचा ढीग पडतो, आणि बहुतेक ठिकाणी तो एकतर उचलून नेला जातो किंवा पेटवला जातो. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्यांना तो उघड्यावर जाळायला मनाई केली, आणि ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं सांगितलं. खरकट्यात नत्र आणि पाणी जास्त, वाळक्या पानांत कर्ब जास्त आणि पाणी जवळजवळ नाही. एकाला जे जास्त झालंय तेच दुसऱ्याला कमी आहे.

प्रमाण वजनाचं धरा: १०० किलो खरकट्याला ३५ किलो वाळकी पानं. खरकट्यात ७५ किलो पाणी, पानांत साडेतीन. १३५ किलोच्या मिश्रणात ओलावा ५८ टक्के येतो. कर्ब-नत्र गुणोत्तर खरकट्याचं सुमारे १९ आणि पानांचं सुमारे ५० धरलं तर मिश्रणाचं २९ च्या आसपास. ओलावा ५० ते ६० आणि गुणोत्तर २५ ते ३० हवं असतं, म्हणजे दोन्ही जागच्या जागी बसतात. रोज वजन करणं नको असेल तर घमेल्यांनी मोजा: खरकट्याच्या एका घमेल्याला बारीक केलेल्या पानांची दोन घमेली, अख्खी पानं असतील तर सहा. मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पानं वाढवा; मूठ उघडताच मिश्रण सुटं झालं तर पाणी शिंपडा.

रोज १०० किलोसाठी ४ × ४ × ४ फुटांची आठ टाकी पुरतात. मिश्रण खाली बसत जातं, म्हणून एक टाकं भरायला साधारण सात दिवस लागतात. एक भरतं, सहा मुरत असतात, एक रिकामं. अशा फिरतीत प्रत्येक टाक्याला सहा आठवडे मिळतात. चार फुटांपेक्षा लहान टाकं बांधू नका, ढिगाच्या पोटात उष्णता टिकत नाही. फार उंचही नको. तळाशी दाब बसून हवा कोंडते. भिंती विटांच्या, एकाआड एक थरात अर्ध्या विटेची फट सोडून. फटींना आतून पाव इंची जस्ताची जाळी लावा, नाहीतर उंदीर घर करतात. पुढची बाजू बांधून बंद करू नका. खाचेत सरकणाऱ्या लाकडी फळ्या बसवा. त्या काढल्या की दाताळ्याने ढीग उलटता येतो. पुढची भिंत पक्की बांधलेल्या टाक्यातून खत काढायला माणसाला आत उतरावं लागतं, आणि असं टाकं दुसऱ्या वर्षी कचराकुंडी होतं. तळाला ५० फुटांना एक फूट उतार, तिथून नळी एका लहान खड्ड्यात. मधोमध भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप उभा ठेवा.

भरायची रीत: तळाला सहा इंच जाड काटक्या आणि करवंट्या. त्यावर रोजचं मिश्रण, मधे खड्डा करून, कडेने पानांची भिंत ठेवून. वरून दोन इंच कोरडी पानं किंवा जुनं खत. हे आच्छादन एक दिवसही चुकवू नका. माश्या, वास आणि कुत्री या तिन्हींवर तोच उपाय आहे. पहिल्या टाक्याला चार घमेली शेण किंवा तयार खत पुरे. लांब दांड्याचा तापमापक घ्या. तिसऱ्या दिवशी पोटातलं तापमान ५५ अंशांवर जायला हवं आणि तीन दिवस तरी तिथे टिकायला हवं. रोगजंतू आणि तणांचं बी त्यानेच मरतं. ६५ च्या वर गेलं तर उलटा. टाकं भरल्यावर दर दहा दिवसांनी एकदा उलटणं पुरतं.

बिघडतं ते बहुतेक तीन-चार कारणांनीच. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा नाही. उलटा आणि पानं मिसळा. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नत्र जास्त. यालाही उपाय पानंच. तापतच नसेल तर एकतर कोरडं आहे किंवा ढीग लहान. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये कडेचा हातभर थर पार वाळून जातो. तिथे गोणपाट ओलं करून बाहेरून लावा. कोकणात उलट: छपराचा पन्हळी पत्रा टाक्याच्या पुढे तीन फूट तरी यायला हवा, नाहीतर तिरक्या पावसाने जुलैत टाकं गाळ होतं. आत करड्या, जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका. काळ्या सैनिक माशीच्या असतील तर त्या खरकटं खाऊन कामच करतात, फक्त ओलावा जास्त झालाय एवढं त्या सांगतात.

१०० किलो खरकटं आणि ३५ किलो पानांतून शेवटी सुमारे ४० किलो चाळलेलं खत मिळतं. सहा आठवड्यांनी टाक्यातून काढल्यावर आणखी तीन-चार आठवडे सावलीत ढीग करून मुरवा, मगच चाळा. चाळणीवरचे तुकडे पुढच्या टाक्यात विरजण म्हणून घाला.

गांडुळखताबद्दल थोडंच. तापलेल्या ताज्या खरकट्यात गांडुळं जगत नाहीत, ३५ अंशांच्या पुढे मरू लागतात, आणि मीठ-तेल-मिरची त्यांना चालत नाही. टाक्यात तीन आठवडे मुरून थंड झालेला माल त्यांना द्या, तेव्हा उत्तम खत करतात. मेसचा कचरा सरळ गांडुळांच्या वाफ्यात टाकण्याची योजना कोणी मांडली तर नाकारा.

नुसत्या पालापाचोळ्यासाठी मात्र महाराष्ट्राकडे स्वतःची सिद्ध पद्धत आहे: पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची, म्हणजे नाडेपकाकांची. १० × ६ × ३ फुटांचं जाळीदार टाकं, त्यात १,४०० ते १,५०० किलो पालापाचोळा, ९० ते १०० किलो शेण, सुमारे १,७५० किलो चाळलेली कोरडी माती आणि दीड ते दोन हजार लिटर पाणी. सहा इंच पाचोळ्याचा थर, त्यावर चार किलो शेणाचा काला, त्यावर ५०-६० किलो माती. असे अकरा-बारा थर एक-दोन दिवसांत भरून, टाक्याच्या वर दीड फूट शीग काढून, तीन इंच माती आणि शेणाने लिंपायचं. पंधरा-वीस दिवसांनी आठ-नऊ इंच खचतं, तेव्हा पुन्हा भरायचं. तीन ते चार महिन्यांत जवळपास तीन टन खत. भेग दिसताच शेणकाल्याने बुजवायची. हे टाकं एकदम भरायचं असतं, रोज थोडं थोडं टाकायचं नसतं. म्हणून मेसच्या कचऱ्याला ते चालत नाही. पण मार्चमधला पानांचा डोंगर आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे ५० विद्यार्थी एका शनिवारी एकत्र आले तर एक टाकं संध्याकाळपर्यंत भरून होतं. विद्यार्थ्यांना खत शिकवायला याहून चांगला दिवस नाही.

पाचोळ्याचा चुरा करणारं यंत्र

खरा पैसा इथे घाला. चुरा केलेली पानं एक तृतीयांश जागेत मावतात आणि दुप्पट वेगाने कुजतात. शिरीष, गुलमोहर, सुबाभूळ यांची बारीक पानं तशीच चालतात; साग, वड, आंबा, जांभूळ, अशोक यांची जाड पानं चुरा केल्याशिवाय सहा आठवड्यांत कुजत नाहीत. घेताना फांदी चिरणारं आणि पान चुरणारं ही वेगळी यंत्रं आहेत हे लक्षात ठेवा. पूर्ण वाळलेली पानंच घाला. ओली पानं चाळणीवर चिकटून मोटर तापते. खडा आणि तार हे पात्याचे शत्रू, म्हणून पानं झाडून आणल्यावर आधी दाताळ्याने हलवून घ्या. रोज ३५ किलोप्रमाणे ३०० दिवसांना साडेदहा टन पानं लागतात. एवढी आवारात नसतील तर उसाचं पाचट, चिपाड किंवा शेंगांची टरफलं आणा. साठा छपराखाली, जमिनीपासून उंच फळीवर, टाक्यांपासून वीस-तीस फूट दूर, कारण वाळकी पानं पेट घेतात.

मेसमध्ये जे घडतं त्यावर सगळं अवलंबून

टाकी उत्तम असली तरी बादलीत सॉसच्या पुड्या आल्या तर खत विकण्याच्याच काय, वापरण्याच्याही लायकीचं राहत नाही. ताट ठेवायच्या खिडकीपाशी क्रम असा लावा: आधी कागद-प्लॅस्टिकचा डबा, मग चमचे टाकायची पाण्याची टोपली, मग तळाला भोकं असलेली खरकट्याची जाळी. आमटी-ताकाचं पाणी जाळीखालच्या बादलीत उतरतं आणि तेलसापळ्यातून गटारात जातं. फक्त याने टाक्यातला निम्मा त्रास संपतो. स्वयंपाकघराची सालं-देठं वेगळ्या बादलीत येऊ द्या, ती कोरडी आणि बिनमिठाची असतात. चहाचा चोथा आणि अंड्याची टरफलं चालतात. कागदी कपांना आतून प्लॅस्टिकचा थर असतो, ते नको. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या पिशव्यासुद्धा नको. त्या खतकारखान्यातल्या टिकून राहणाऱ्या उष्णतेत कुजायला बनवलेल्या असतात, तुमच्या टाक्यात महिनोन्महिने अख्ख्या राहतात.

फलक लावून सवय लागत नाही. पहिले दोन आठवडे प्रत्येक जेवणाला खिडकीपाशी एक विद्यार्थी उभा ठेवा, ओरडायला नव्हे, योग्य डबा दाखवायला. नवीन तुकडी आली की जुलै-ऑगस्टमध्ये हे पुन्हा करावं लागतं. बहुतेक कॉलेजांत इथेच ढिलाई होते. दुसरं, तिथेच वजनकाटा ठेवा आणि ताटातलं उष्टं व स्वयंपाकघराचा कचरा वेगळा तोलून रोज फळ्यावर लिहा. मेस समितीला त्यातून कळतं की कोणत्या भाजीच्या दिवशी उष्टं वाढतं. आणि तयार खताची पहिली पोती ज्या वसतिगृहाच्या कचऱ्यातून आली त्याच वसतिगृहाच्या बागेला द्या, सुरुवातीलाच विक्रीच्या मागे लागू नका.

काम रोज दोन तास, एका ठरलेल्या माणसाचं, पगारी. विद्यार्थी स्वयंसेवकांवर रोजची भर सोडू नका. परीक्षा आली की टाकी उपाशी राहतात आणि मग एकदम चार दिवसांचं आंबलेलं खरकटं येऊन पडतं. त्या माणसाला गमबूट, हातमोजे, मास्क, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हात धुवायला टाक्यांशेजारीच नळ द्या. स्नेहसंमेलनाच्या दिवसांसाठी पानांचा जादा साठा ठेवा, आणि केटररच्या करारातच थर्माकोलच्या ताटांना बंदी लिहा. मे महिन्यात आणि दिवाळीत वसतिगृह रिकामं होतं. टाक्यांना त्याने काही होत नाही, ती मुरत राहतात. यंत्र मात्र महिनाभर बंद राहिलं की आत चिकटलेला थर दगड होतो, म्हणून बंद करण्याआधी एक फेरी नुसत्या कोरड्या भुशाची चालवा.

इतकं सगळं पाहूनही यंत्रच घ्यायचं ठरलं, बहुतेकदा कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकचं मूल्यांकन असतं त्या वर्षी हे ठरतं, तर निविदेत चार अटी घाला. क्षमता ओल्या कचऱ्याच्या वजनात लिहिलेली असावी, लिटरमध्ये नव्हे. पात्यांची आणि हीटरची हमी वेगळी, किमान तीन वर्षं. वार्षिक देखभालीचा दर पाच वर्षांसाठी आजच ठरलेला. आणि शेवटचा ३० टक्के पैसा कॉलेजच्या कचऱ्यावर ६० दिवस चालवून मेथीची चाचणी उतरल्यावरच.